पेटीतली बाई

करवतीनं मधोमध कापलेली बाई दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना दिसली, की गावाचा जरा विरसच होतो. रात्री जिच्यासाठी आयाबायांनी डोळ्यांवर पदर घेतलेला असतो, ती सकाळी लॉजच्या पोऱ्याला ‘दादा, चार चिमटे आहेत का हो?’ म्हणून विचारत असते. बाई वाचावी असं लोकांना मनापासून वाटत असतं, पण इतकी वाचावी असं नसतं. निदान दुपारपर्यंत तरी तिनं अंथरुणात पडून कण्हावं, अशी त्यांची माफक अपेक्षा.

ही बाई म्हणजे मी. फिरत्या जादूच्या प्रयोगाच्या जाहिरातीत जादूगाराचं नाव फूटभर अक्षरांत असतं आणि त्याखाली बारीक टायपात ‘आणि सहकारी’. त्या ‘आणि’च्या आसपास कुठेतरी मी असते. मला कापतात, भाल्यांनी भोसकतात, हवेत तरंगत ठेवतात, गायब करतात आणि प्रेक्षागृहाच्या मागच्या दारातून हसत हसत परत आणतात. टाळ्या सरांना. आमच्याकडे जादूगाराला सर म्हणतात, त्यांच्या पत्नीला वहिनी, टेम्पो चालवणाऱ्या आणि रात्री तेच हात धुऊन लाइट सांभाळणाऱ्या माणसाला मामा, आणि ज्याला कुठलंच काम नेमून दिलेलं नसल्यामुळे सगळी कामं करावी लागतात त्या सहा फुटी मुलाला छोटू. झाली कंपनी. पोस्टरवर आम्ही ‘३० कलाकारांचा भव्य ताफा’ असतो. त्यात कबुतरं धरली आहेत.

आता एक गोष्ट सांगते, जी कुठलाही जादूगार स्टेजवर सांगत नाही. पेटी कुणाच्या तरी मापाची असते. आमची पेटी वहिनींच्या मापाची आहे. माझ्या आधी पेटीत त्याच होत्या. सरांचं लग्न ठरलं तेव्हाच कंपनीही ठरली, त्यामुळे लग्नातल्या शालूवरच्या ब्लाउजचं माप आणि पेटीचं माप एकाच आठवड्यात घेतलं गेलं. एक शिंप्यानं घेतलं, दुसरं सुतारानं. ब्लाउजला निदान आत दोन शिलाया सोडलेल्या असतात. प्लायवूडला नसतात. ‘माझ्या वेळी आत एवढी जागा उरायची की मी लोणच्याच्या फोडी घेऊन बसायचे,’ असं वहिनी अजून सांगतात, आणि सांगताना माझ्या कमरेकडे बघतात.

त्यामुळे आमच्या दौऱ्याचे दोन नकाशे आहेत. सर नाट्यगृहांच्या नावांनी बोलतात: सांगलीला भावे नाट्यमंदिर, नाशिकला कालिदास, सोलापूरला हुतात्मा स्मृतिमंदिर, नागपूरला देशपांडे सभागृह. माझा नकाशा म्हणजे मिसळ, शेंगाचटणी, भरीत, सावजी. आणि या दोन नकाशांचं आपसांत पटत नाही. कोल्हापुरात रात्री खेळ असतो आणि दुपारी यजमान जेवायला बोलावतात. समोर तांबडा, पांढरा, सुक्कं आणि ‘ताई, तुम्ही काय खाल्लंच न्हाई’ असा दम. समोरच्या पाटावरून सर माझ्या भाकरी मोजत असतात. दुसरी भाकरी घेतली की ते खाकरतात. तिसरीला वहिनी खाकरतात. एकदा चौथीला मामा खाकरला. त्याला खरोखरच ठसका लागला होता, पण मी भाकरी परत ठेवली. यजमानीण बाई मात्र शेवटपर्यंत कोड्यात होत्या, की या घरात सगळ्यांनाच एकदम खोकला कसा झाला.

नागपूरचं दुखणं वेगळं. सावजी खाल्ल्यावर पेटी लहान पडत नाही, खेळ लांबतो. म्हणजे घड्याळात तेवढाच असतो, पण आत पडून राहिलेल्या माणसाला सरांचं प्रत्येक वाक्य किती अनावश्यक आहे हे तेव्हा कळतं.

पेटीत काय होतं ते मी सांगणार नाही. सरांनी मला गणपतीसमोर शपथ घातली आहे. पण पेटीत काय असतं ते सांगायला हरकत नसावी. आत फेव्हिकॉल, मशीनचं तेल आणि जुन्या मखमलीचा एकत्र वास असतो. उजव्या खांद्याशी एक स्क्रू आहे, जो दर दौऱ्याला आवळायचा ठरतो आणि दर दौऱ्याला माझ्या खांद्यालाच आवळावा लागतो. झाकणाच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या बरोबर वर, पेन्सिलीनं लिहिलेलं आहे: ‘दूध २ लि., पेपर बाकी, लाइटबिल, मावशींना फोन’. वहिनींच्या काळातला संसार. करवत चालू असताना त्यांना घरचा हिशेब आठवायचा आणि त्या तो तिथेच टिपून ठेवायच्या. प्लायवूडच्या पलीकडून सरांचा आवाज येतो. ‘आपल्या आईची ही एकुलती एक लेक,’ ते म्हणतात. आम्ही चार बहिणी आहोत, आणि साताऱ्याच्या खेळाला त्या चौघींची आई पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होती. सगळं वेळापत्रक सरांच्या वाक्यांवर असतं. त्यांनी एखादं वाक्य गाळलं, की मला घाई करावी लागते. कसली, ते विचारू नका.

हा बाईला कापायचा धंदा फार जुना नाही. त्याआधी जादूगार बायकांना तरंगवत, गायब करत, कापत नसत. १७ जानेवारी १९२१ ला लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायर या थिएटरात पी. टी. सेल्बिट नावाच्या जादूगारानं लाकडी पेटीत बाई बंद करून पेटी करवतली आणि तेव्हापासून आमच्या नशिबी ही नोकरी आली. महायुद्ध संपून दोनच वर्षं झाली होती, आणि १९१८ मध्ये इंग्लंडच्या तिशीपुढच्या बऱ्याच बायकांना मताचा हक्क मिळाला होता. तो हक्क मिळताच लोकांना बाईला कापलेली बघण्याची हौस का यावी, याचा विचार पुरुषांनी करावा. सेल्बिट मात्र वस्ताद. त्यानं मताच्या हक्कासाठी तुरुंगात जाऊन आलेल्या ख्रिस्टाबेल पँकहर्स्ट यांनाच विचारलं, की आठवड्याला २० पौंडांवर आमच्या पेटीत झोपाल का? त्यांनी नाही म्हटलं. तुरुंगाला न भ्यालेली बाई प्लायवूडला भिणार नाही. मला वाटतं, त्यांनी पेटीचं माप विचारलं असावं.

खेळांच्या मधल्या वेळात सेल्बिटची माणसं थिएटरबाहेरच्या गटारात लाल पाण्याच्या बादल्या ओतायची, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटावं की आत काहीतरी झालं. तिकडे अमेरिकेत होरेस गोल्डिननं हाच खेळ उचलला आणि गावातून ॲम्ब्युलन्स फिरवल्या. सरांना या दोन्ही कल्पना अतिशय आवडतात. पण कित्येक नाट्यगृहांत तोंड धुवायला पाण्याचा पत्ता नसतो, गटारात कुठून ओतणार? आणि ॲम्ब्युलन्सचं भाडं आमच्या टेम्पोपेक्षा जास्त. शिवाय आमच्या टेम्पोचा आवाज ऐकून लोक तसेही बाजूला होतात.

आपल्याकडे या खेळाचा कळस गाठला तो पी. सी. सरकारांनी. ९ एप्रिल १९५६ ला बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात त्यांनी दीप्ती डे या सतरा वर्षांच्या मुलीला टेबलावर झोपवलं आणि भल्यामोठ्या गोल करवतीनं कापलं. मग तिला हाका मारल्या, तिचे हात चोळले. मुलगी काही उठेना. सरकारांनी मान हलवली, तिच्या तोंडावर काळं कापड टाकलं, निवेदक रिचर्ड डिंबलबी कॅमेऱ्यासमोर येऊन ‘शुभरात्री’ म्हणाले आणि कार्यक्रम संपला. झालं! बीबीसीचे फोन खणखणायला लागले. अख्ख्या इंग्लंडनं मुलीला मेलेली धरली. बीबीसीचं म्हणणं इतकंच, की हो, वेळ संपली होती. दुसऱ्या दिवशी पेपरांनी पहिल्या पानावर बातमी घेतली आणि सरकारांच्या लंडनमधल्या खेळांची तिकिटं धडाधड खपली. वेळेच्या बाबतीत काटेकोर असलेल्या माणसाची वेळ नेमकी त्याच रात्री कशी चुकली, यावर जादूवाले अजून गालात हसतात. मला मात्र या सगळ्या हकिकतीत एकच कुतूहल आहे: त्या रात्री दीप्ती काय जेवली?

सरकार पुढे ६ जानेवारी १९७१ ला जपानमध्ये, दौऱ्यावर असतानाच गेले. जगभर फिरणारा अमेरिकन जादूगार चार्ल्स कार्टर १९३६ मध्ये असाच दौऱ्यावर असताना आपल्या मुंबईत वारला. कलेसाठी माणसं अशी देह ठेवतात, हे सर आम्हाला वर्षातून एकदा सांगतात. साधारण पगारवाढीचा विषय निघाला की.

दौऱ्यावर सगळ्यात अवघड सामान म्हणजे गुपित. ते कुठल्या पेटीत बसत नाही आणि त्याला पावती नसते. सरांचे नियम कडक आहेत: पेट्या ताडपत्रीत बांधूनच हलवायच्या, अंधार पडल्यावर उतरवायच्या, विंगेत पडदा सोडल्याशिवाय उघडायच्या नाहीत. पण पेटी उतरवायला चार माणसं लागतात, आणि ती चार माणसं म्हणजे नाट्यगृहाचे हमाल. महाराष्ट्रात येऊन गेलेल्या यच्चयावत जादूगारांच्या पेट्या या माणसांनी उचललेल्या, उलट्या केलेल्या, जिन्यावर आपटलेल्या आणि पावसात मांडवाखाली ओढलेल्या असतात. ‘सर, ह्याचा खालचा कप्पा उघडा राहिलाय, लावून घेऊ का?’ एकजण भर रस्त्यात विचारतो. सरांचा चेहरा तेव्हा बघण्याजोगा होतो. बरं, या हमालांना गुपिताचं काडीचं कौतुक नाही. खेळ सुरू झाला की ते मागच्या दाराशी विडी ओढत बसतात. एकदा मी पलीकडे उभी असताना एक म्हणाला, ‘मागच्या टायमापेक्षा जड झालीय राव.’ पेटी रिकामी होती. मी त्या दिवशी दुपारी जेवले नाही.

याउलट ज्यांना काहीच माहीत नसतं, ती माणसं टेम्पोभोवती तासन्‌तास उभी राहतात. टेम्पो बंद पडला तर बघायलाच नको. ‘अहो, जादूनं चालू करा की!’ हा विनोद दर गावाला होतो आणि दर गावाला तो आपल्याच गावात जन्मला असं वाटतं. मामा बॉनेटमध्ये डोकं घालून तो ऐकतो. पूर्वी तो हसायचा. मग नुसता ‘हं’ म्हणायचा. आता तो बोलणाऱ्याच्या हातात शांतपणे पाना देतो.

कोनाचा त्रास तर विचारूच नका. जादू समोरून बघायची असते. बाजूनं बघितली की ती नोकरी दिसते. आणि आपल्याकडे मान्यवरांना बाजूला बसवायची पद्धत आहे. एका तालुक्याच्या गावी जत्रेत आमचा खेळ होता. मांडव, समोर दोन हजार माणसं. स्टेजवर विंगेत लाल सोफा. भाऊंसाठी. भाऊ म्हणजे गावचं पुढारपण. सरांनी हात जोडून विनवलं, ‘भाऊ, समोर बसलात तर खेळाची मजा येईल.’ संयोजक म्हणाले, ‘समोर पब्लिक बसतं.’ आता यापुढे काय बोलणार? भाऊ सोफ्यावर, शेजारी त्यांची दोन माणसं, पुढ्यात काजूची बशी. करवतीचा खेळ आला. सरांचं वाक्य सुरू झालं, आणि ज्या क्षणी मी जिथं असायला नको तिथं होते, त्या क्षणी माझी आणि भाऊंची नजरानजर झाली. माणूस संस्कारी. त्यांनी पटकन हात जोडून नमस्कार केला. मला उलट नमस्कार करणं शक्य नव्हतं. माझे हात दुसऱ्या कामात होते. मी मान लववली. भाऊंनी बशीतला एक काजू उचलून ‘घेता का?’ अशी खूणही केली.

खेळानंतर भाऊंचं भाषण झालं. ‘मित्रहो, या कलेच्या पोटात काय रहस्य आहे ते मी आज या डोळ्यांनी पाहिलंय,’ असं म्हणून ते थांबले. मांडव चिडीचूप. विंगेत सरांनी माझा हात घट्ट धरला. ‘पण ते मी कुणाला सांगणार नाही!’ जो काही टाळ्यांचा कडकडाट झाला! मी कापून पुन्हा जोडली गेले तेव्हा याच्या निम्म्या टाळ्या नव्हत्या. सत्तेतल्या माणसाला आतलं सगळं माहीत आहे आणि तो ते पोटात ठेवतो, याचं जनतेला केवढं अप्रूप! पुढच्याच वर्षी भाऊंनी पक्ष बदलला. सर महिनाभर झोपले नाहीत; पक्ष बदलला की माणूस जुनी गुपितं बाहेर काढतो. भाऊंनी जुन्या सहकाऱ्यांची झाडून सगळी काढली. आमचं तेवढं ठेवलं. त्यांच्याबद्दल कुणी काहीही बोलो, मला आदर आहे.

२०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. कायदा चांगला आहे आणि तो आमच्यासाठी नाही. चमत्काराच्या नावावर जे लोकांना गंडवतात त्यांच्यासाठी आहे. सर तर खेळाच्या सुरुवातीलाच सांगतात, की ही हातचलाखी आहे, यात दैवी काही नाही, भोंदूबाबांच्या नादी लागू नका. पण परवानगीच्या अर्जावर ‘जादू’ हा शब्द असतो, आणि शब्द वाचणारा माणूस नेहमी पहिला शब्दच वाचतो. एका गावात अर्ज घेऊन मी आणि मामा गेलो. टेबलामागच्या हवालदारांनी कार्यक्रमपत्रिका बोट ठेवून वाचली.

‘स्त्रीच्या शरीराचे करवतीने दोन तुकडे. कुणाचे?’

‘माझे,’ मी म्हणाले.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘तुमची तक्रार आहे?’

‘नाही हो.’

‘कधी केले?’

‘रोजच करतात. रविवारी दोनदा.’

‘आणि तरी तक्रार नाही?’ त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. ‘करणारा कोण? मालक का तुमचे?’

‘मालक नाहीत. सर आहेत. मी कामाला आहे त्यांच्याकडे.’

‘म्हणजे कामाच्या ठिकाणी,’ असं म्हणून त्यांनी दुसरंच रजिस्टर ओढलं. मामानं मध्ये पडून सगळं समजावून सांगितलं, खिशातून रुमाल काढून त्याची अंडी करून दाखवली. हवालदार खूश झाले, शिक्का मारला, आणि संध्याकाळी बायकोमुलांना घेऊन, तिकिटं काढून आले. करवत आल्यावर त्यांच्या मिसेस किंचाळल्या तेव्हा ते सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘घाबरू नको, त्यांची तक्रार नाही.’

महाराष्ट्राच्या प्रेक्षकात तिसऱ्या-चौथ्या रांगेत एक काका असतात. ते कुठूनही आलेले असोत, प्रत्येक खेळाचं स्पष्टीकरण त्यांच्याकडे तयार असतं, आणि ती स्पष्टीकरणं दोनच असतात: आरसा आणि काळा दोरा. पेटीतून बाई गेली, आरसा. पत्ता वर आला, काळा दोरा. मी तरंगायला लागले की काकांची जरा पंचाईत होते, कारण माझ्याकडे बघता काळा दोरा पुरणार नाही हे त्यांनाही दिसतं; मग ते ‘दोरखंड असणार’ म्हणतात. आमच्या अख्ख्या खेळात एकही काळा दोरा नाही. पण एवढ्या आत्मविश्वासानं कुणी सांगायला लागलं, की सरसुद्धा घरी जाऊन एकदा बघतात.

दुसरा वर्ग ज्येष्ठांचा. ते खेळ संपल्यावर आत येतात, सरांच्या पाठीवर हात ठेवतात आणि म्हणतात, ‘छान. पण आम्ही रघुवीर बघितलेत.’ पुण्याच्या जादूगार रघुवीरांनी मराठी मुलखाला जादूची अशी गोडी लावली, की त्यांच्यामागे मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनीही तोच वारसा चालवला. नाटकवाल्याला जसं बालगंधर्वांचं नाव ऐकावं लागतं, तसं जादूवाल्याला रघुवीरांचं. सर मान तुकवतात. त्यांनीही लहानपणी बघितलेत. त्यापायीच तर ते या धंद्यात पडले. फक्त ‘आम्ही बघितलेत’ म्हणणाऱ्यानं तिकीट काढलेलं असावं, एवढीच त्यांची इच्छा असते.

आणि आज्या. आज्या थेट माझ्याकडे येतात. त्यांना आरशाशी घेणंदेणं नसतं. माझ्या पोटावरून हात फिरवून त्या विचारतात, ‘शिवलं कुठं गं?’ मी म्हणते, शिवत नाहीत आजी, आपोआप जुळतं. ‘तरी चार दिस थंड पानी वंगाळ,’ असं सांगून एक आजी तिच्याजवळची सुंठ देऊन गेली. माझ्या लग्नाचा विषयही बहुतेक त्याच काढतात. ‘नवऱ्याला चालतं का हे?’ चालतं. माझा नवरा विमा कंपनीत आहे. त्यानं माझा विमा काढायला घेतला तेव्हा व्यवसायाच्या रकान्यात मी खरं लिहिलं. अर्ज परत आला. मग त्यानंच रकान्यात ‘गृहिणी, अधूनमधून प्रवास’ असं भरलं.

मुलांचे खेळ सुट्टीत, म्हणजे दिवाळीत आणि मे महिन्यात. दहावी-बारावीच्या दिवसांत आमचा टेम्पो कुणी उभाही करून घेत नाही. दुपारचा शाळांचा खेळ असला की छोटूला ताप येतो. सर एखाद्या पोराला वर बोलावतात, ‘बाळ, पेटी नीट तपासून बघ आणि सगळ्यांना सांग, आत काही आहे का?’ मोठी माणसं शिष्टाचार म्हणून वरवर बघतात. पोरगं खरोखर तपासतं. मांडी घालून बसतं, बोटानं ठोकतं, वास घेतं. आणि माइकवर सांगतं, ‘सर, इथं एक फट आहे, आणि आत लिहिलंय की तुमचं लाइटबिल राहिलंय.’

कबुतरांचा आणि सशांचा प्रश्न लॉजवर निघतो. पूर्वी जादूगार पोपट ठेवत. वन्यजीव कायदा १९७२ चा, त्यात आपला साधा हिरवा पोपटही येतो, त्यामुळे तो विषय संपला. राहिली पांढरी कबुतरं आणि ससे. लॉजच्या दारावर ‘पाळीव प्राणी आणू नयेत’ अशी पाटी असली, की छोटू कबुतरांना सरांच्या कोटात घालून वर नेतो. एवढी तयार कबुतरं, स्टेजवर कोटात श्वास रोखून बसतात, पण रिसेप्शनवर घुमतात. मॅनेजरनं विचारलं, ‘सर, पोटाचा त्रास?’ सर म्हणाले, ‘हो, जुना आहे.’ त्यानं रात्री जेवणाबरोबर सोडा पाठवला. सशांचं तर सरांनी दुकानदाराकडून दोन्ही नर आहेत असं लिहून घेतलं होतं. साताऱ्याला दोन होते, कराडला सात झाले. यात माझा काही हात नाही, असं सर आपल्या सवयीनं दोन्ही पंजे पसरून सगळ्यांना दाखवत राहिले.

यंदाच्या दिवाळीपासून मी तिकीट खिडकीवर जाते आहे. वहिनींना गुडघ्यांमुळे घरी थांबायचं आहे, आणि पेटीनं मला जे सांगायचं ते कोल्हापुरानंतर स्पष्टच सांगितलं: मी आत होते, झाकण नव्हतं. नवी मुलगी शोधायला सरांनी ओळखीत शब्द टाकला. मल्लखांब करणारी एक कॉमर्सची मुलगी आली. हातापायांची घडी अशी करते, की सरांचे डोळेच पाणावले. शपथ झाली. गणपतीसमोर नारळ झाला. पेटीत जाऊन बसली तर मावून वर पाव पेटी शिल्लक. वहिनींनी लगेच लोणच्याच्या फोडींची आठवण सांगितली.

‘सर, आत रेंज येते का?’ पेटीतून आवाज आला.

‘काय?’

‘रेंज. मोबाइलला.’ आणि मग आमच्या सगळ्यांच्या देखत पेटीच्या फटीतून निळा उजेड पडला. ‘आली! आई, हॅलो, दिसतंय का? अगं, इथं असं झोपायचं आणि मग पाय असे...’

सर धावले. पण पेटी बाहेरून चटकन उघडत नाही. तीच तर तिची ख्याती. ‘अगं, मग खालची फळी सरकत असणार,’ फोनमधून आई म्हणाली, ‘आपल्या दिवाणाची सरकते तशी.’ छोटूनं हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला. सर खुर्चीवर बसले. आता या बाईला गणपतीसमोर कसं उभं करायचं, व्हिडिओ कॉलवरची शपथ धरतात का, असं ते मामाला हळू आवाजात विचारायला लागले.

‘बाकी सगळं ठीक आहे,’ आई म्हणत होती, ‘पण पोरीच्या जेवणाचं काय?’

वहिनींनी वाकून फटीशी तोंड नेलं. ‘जेवण कंपनीचं,’ त्या म्हणाल्या. ‘भाकरी दोन.’